खुरपं आणि खुर्ची

चौथीत असताना मला समूहगीतातून कुणी काढून टाकलं नाही. काढलं असतं तर घरी जाऊन रडता तरी आलं असतं. गाणं बसवणाऱ्या बाई रांगेतून फिरत एकेकीच्या तोंडाशी कान नेत होत्या. माझ्यापाशी त्या जरा जास्त रेंगाळल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘‘तू उभी राहा हं रांगेत. पण नुसते ओठ हलव. आवाज काढू नकोस.’’ रागावून नाही, खिडकी जरा लोटून घे म्हणावं इतक्या सहज. संमेलनात मी मधल्या रांगेत उभं राहून तीन कडवी ओठ हलवले. नंतर जो टाळ्यांचा कडकडाट झाला त्यात माझाही वाटा होता, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत असे.

ओठ हलवणं वाटतं तितकं सोपं नसतं. शेजारणीच्या किंचित मागे राहावं लागतं, म्हणजे शब्द आठवला नाही तरी तिच्या तोंडाकडे बघून निभावता येतं. ओळीच्या शेवटी तोंड जरा जास्तच उघडायचं, कारण शेवटचा स्वर सगळेच लांबवतात आणि तिथे चूक दिसत नाही. टाळी मात्र कधीही चुकवायची नाही. टाळी चुकली की सगळा डोलारा कोसळतो. या विद्येचा उपयोग पुढे कधी होईल असं वाटलं नव्हतं. तो झाला, मी पहिली-दुसरीच्या वर्गावर बाई म्हणून उभी राहिले तेव्हा.

खिडकीजवळच्या बाकावर एक मुलगा बसायचा. कविता म्हणताना रंगून जायचा अगदी. मान डोलायची, हातवारे व्हायचे, बोट पुस्तकावरून फिरत राहायचं. एकदा मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. वर्ग तिसऱ्या ओळीवर होता आणि त्याचं बोट पाचव्या ओळीच्या मध्यावर. ओळ संपताना त्याचं तोंड जरा जास्त उघडायचं. मी ओळखलं. आपल्या धंद्यातला माणूस ओळखायला वेळ लागत नाही.

फरक इतकाच की त्याचा गळा गोड होता. चाल त्याला पक्की पाठ होती, शब्द निम्मेअधिक पाठ होते आणि अक्षर एकही येत नव्हतं. जिथे शब्द आठवायचा नाही तिथे नुसते ओठ. आणि हे सगळं मी बसवलेल्या, मी कौतुकानं म्हणवून घेतलेल्या कवितेच्या आडोशानं चाललं होतं. चार महिने मला पत्ता नव्हता.

गाण्यातून मुलं पटापट शिकतात, असं आम्ही शिक्षक फार बोलतो. प्रशिक्षणात बोलतो, पालकसभेत बोलतो. मीही बोलत आले आहे. पण गाण्यातून काय शिकतात आणि गाण्याच्या आड काय लपवतात, हे दोन वेगळे हिशेब आहेत. त्या मुलानं मला दुसरा हिशेब मांडायला लावला. मग पहिलाही नीट मांडणं भाग पडलं.

पहिल्याची सुरुवात टाळीनं झाली. पहिलीच्या वर्गात शब्द तोडून टाळ्या वाजवायचा खेळ आम्ही सगळेच घेतो. ‘बाबा’ला दोन टाळ्या, ‘पाटी’ला दोन. त्या दिवशी ‘कमळ’ आलं. फळ्यावर मी क, म, ळ अशी तीन अक्षरं ऐसपैस लिहून ठेवली होती आणि तीन टाळ्यांची वाट पाहत होते. वर्गानं दोन वाजवल्या. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा दोन. एक मुलगी तर मला समजावायला लागली, ‘‘बाई, क... मळ. क... मळ. दोनच येतात.’’

तिचं बरोबर होतं. चूक माझी होती, किंवा खरं तर आपल्या लेखनाच्या आणि बोलण्याच्या जुन्या भांडणाची. मराठीत आपण शब्दाच्या शेवटचा ‘अ’ गिळतो, आणि मधला सापडला तर तोही. लिहितो ‘करवत’, म्हणतो कर्-वत्. चार अक्षरं, दोन टाळ्या. मोठ्यांना हे कधी जाणवत नाही, कारण एकदा वाचता यायला लागलं की कानही डोळ्यांनी ऐकू लागतो. ज्याला अजून वाचता येत नाही, त्याचाच कान खरा. आणि आम्ही त्या खऱ्या कानाला चूक म्हणून लाल शाईनं रंगवतो.

यातली सगळ्यात अवघड जोडी म्हणजे खुरपं आणि खुर्ची. म्हणून बघा. खुर्-पं. खुर्-ची. दोन्हीला दोन टाळ्या, दोन्हीत ‘खुर’वर सारखाच भार. छंदशास्त्राच्या तराजूत टाकलं तरी पारडं हलत नाही. लघूची मात्रा एक, गुरूच्या दोन. ‘खुरपं’मध्ये दोन लघू आणि एक गुरू, म्हणजे चार मात्रा. ‘खुर्ची’मध्ये दोन गुरू, त्याही चारच. मग मुलांनी ‘खुर्पं’ आणि ‘खुरची’ लिहिलं तर कुणाच्या नावानं ओरडायचं? त्यांच्या कानाला फरक दिलाच नाही भाषेनं. एकात ‘र’ आपल्या पायांवर उभा आहे आणि दुसऱ्यात तो पुढच्याच्या डोक्यावर चढून बसलाय, हे कागदावरच दिसतं.

इथे गाणं कामाला येतं, आणि ते मला फार उशिरा कळलं. बोलताना गिळलेला ‘अ’ गाताना परत येतो. ओवी, अभंग म्हणताना प्रत्येक अक्षराला आपली जागा मिळते. अभंगात तर ओळीतली अक्षरं मोजायची असतात, त्यामुळे कुणालाही गिळून चालत नाही. बोलण्यातलं दोन टाळ्यांचं कमळ सुरात उमललं की तीन पाकळ्यांचं होतं: क, म, ळऽ. म्हणजे गाणं ही भाषेची सजावट नाही. घाईघाईनं घडी घालून ठेवलेला शब्द ते उलगडून दाखवतं.

मग मी दोन ओळी जुळवल्या. कविता म्हणण्याइतकी त्यांची लायकी नाही, पण वर्गात फार चालल्या:

खुरपं घेऊन कोण आलं?
खुर्चीत बसून झोपी गेलं.

दोन्ही ओळींत दहा-दहा अक्षरं. दर अक्षराला एक ठोका, बाकावर, बोटाच्या पेरानं. ‘खु, र, पं’ला तीन ठोके, ‘खुर्, ची’ला दोन. पहिल्या ओळीत ‘र’ स्वतःच्या ठोक्यावर येतो, दुसऱ्या ओळीत त्याला ठोका मिळत नाही. ‘‘दुसरीत र कुठे गेला?’’ मी विचारलं. ‘‘ची-च्या डोक्यावर,’’ वर्ग ओरडला. रफार हा शब्द मी त्या दिवशी उच्चारलाच नाही. तो नंतर आला, नाव म्हणून.

वर्गात आता दोन आवाज झाले, बोलायचा आणि लिहायचा. ‘लिहायचा आवाज’ म्हणजे एकेका अक्षरावर थांबत, सुरात ओढत म्हणणं. शुद्धलेखन घालताना मुलं अडली की कुणीतरी म्हणतं, ‘‘बाई, लिहायचा आवाज काढा ना.’’ यात थोडी लबाडी आहे, ते कबूल करते. ‘लिहायचा आवाज’ काढणाऱ्या बाईंना शब्द कसा लिहितात ते आधीच ठाऊक असतं. मुलाला तो आवाज स्वतःचा स्वतः काढता येत नाही, तो आधी कुणाकडून तरी ऐकावा लागतो. पण पाच-पंचवीस शब्द असे ऐकले की पुढचा शब्द तो तसाच ताणून बघू लागतो. चुकतो, पण ताणून बघतो.

ऱ्हस्व-दीर्घाचंही तेच. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. बोलताना दोन्ही सारखेच ऐकू येतात, कारण अशा शब्दात शेवटचा ‘अ’ गेला की आधीची वेलांटी आपोआप लांबते. ‘सुर’ म्हणजे देव, ‘सूर’ म्हणजे गाण्यातला. रोजच्या बोलण्यात देव आणि सूर एकच. हा फरक कानाला ऐकवायचा असेल तर ठोके लागतात, ऱ्हस्वाला एक, दीर्घाला दोन. हे काही नवं नाही. लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन, हा आपल्या वृत्तांचा पायाच आहे. ‘यमाताराजभानसलगा’ हे दहा अक्षरांचं सूत्र आठवतं का? त्यातली लागोपाठची तीन-तीन अक्षरं उचलली की आठही गण, म्हणजे लघुगुरूंचे तीन-तीन अक्षरांचे गट, हाती येतात: यमाता, मातारा, ताराज, असे करत सलगापर्यंत. सूत्र स्वतःच स्वतःचं उदाहरण. इतकी चतुर गोष्ट आपण मुलांना कधी सांगतो, तर मोठ्या वर्गात, गुणांसाठी, वह्यांमधून लघुगुरूच्या खुणा करत. कान तोवर डोळ्यांचा ताबेदार झालेला असतो. माझं चाललं असतं तर गणांची नावं मागे ठेवून ठोके पहिलीतच आणले असते. हंगेरीत झोल्तान कोडाय या संगीतकाराच्या प्रेरणेनं जी शिक्षणपद्धत उभी राहिली ती साधारण हेच करते. लांब ठोक्याला ‘ता’, त्याच्या निम्म्या दोन ठोक्यांना ‘ती-ती’. लिपी मागाहून, आधी पाय आणि टाळ्या.

मी हे सगळं आंधळेपणानं करत होते. अभ्यास काय सांगतात ते नंतर वाचलं आणि थोडी खट्टू झाले. वाचलेलं मला अर्धं अनुकूल होतं आणि अर्धं माझ्या अंगावर येणारं.

ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ मध्ये एक काम प्रसिद्ध केलं. चार-पाच वर्षांच्या चारशे मुलांपासून त्यांनी सुरुवात केली. कोणता शब्द यमकात बसत नाही, कोणत्याची सुरुवात वेगळी, हे ज्यांना ओळखता येत होतं ती मुलं पुढे वाचनात पुढे असलेली दिसली. मग आवाज ओळखण्यात मागे असलेल्या ६५ मुलांचे त्यांनी गट केले. एका गटाला दोन वर्षं अधूनमधून शब्दांतले सारखे आवाज ओळखायचा सराव दिला. दुसऱ्या गटाला तोच सराव, पण सोबत हाताळायला प्लास्टिकची अक्षरं. वाचन-लेखनात सगळ्यांत पुढे गेला तो अक्षरं हातात मिळालेला गट. हे वाचून मला खिडकीजवळचं ते भटकणारं बोट आठवलं. मी त्याला सूर दिला, यमक दिलं, ठेका दिला. अक्षर त्याच्या हातात दिलं नव्हतं. तक्ता भिंतीवर होता, लांब.

आपल्या लिपीत हे आणखी महत्त्वाचं आहे. इंग्रजीत २६ अक्षरं. आपल्याकडे व्यंजनं, स्वर, प्रत्येकाची बाराखडी आणि वर जोडाक्षरांचा पसारा. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, त्यातही हेच दिसतं की अशा लिपीतली अक्षरओळख पहिल्या एक-दोन वर्षांत आटोपत नाही. ‘तुमच्या मुलाला पहिली संपली तरी जोडाक्षरं येत नाहीत’ म्हणून पालकांना बोलावून घेणाऱ्यांनी हे भिंतीवर लावावं. मी स्वतः दोनदा बोलावलं होतं, म्हणून सांगते.

ठेक्याचा आणि वाचनाचा संबंध नुसत्या भावनेचा नाही. केंब्रिजच्या उषा गोस्वामी अनेक वर्षं हेच मांडत आल्या आहेत: बोलण्यातला आवाज शब्दाच्या दर अवयवाला, म्हणजे एका टाळीच्या तुकड्याला, जो चढतो, तो चढ नेमका पकडता न येणं आणि वाचनाची अडचण यांचं नातं आहे, आणि अशा मुलांना ठेका धरायलाही जड जातं. अमेरिकेत नीना क्राउस यांच्या गटाला तीन-चार वर्षांच्या मुलांत असंच दिसलं. समोरच्याच्या ठेक्याबरोबर ज्यांना ढोल वाजवता येत होता, त्यांची वाचनपूर्व कौशल्यंही बरी होती. मात्र यावरून ‘ढोल शिकवा, वाचन येईल’ अशी उडी मारायची घाई नको. दोन गोष्टी बरोबर चालतात म्हणून एक दुसरीला ओढते असं नसतं.

अशा उड्या लोक मारतात, आणि मारल्या की कुठे पडतात तेही माहीत आहे. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात ३६ कॉलेजविद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्टचं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकवलं आणि नंतर कागदाच्या घड्यांसारखी कोडी घातली. त्यांचे गुण थोडे वाढले, आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. एवढंच. त्यात लहान मूल एकही नव्हतं, वाचनाचा संबंध नव्हता. पण पाच वर्षांत जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची भेट द्यायला १,०५,००० डॉलर मागितले! बाळांचं काय झालं कोण जाणे, संगीत विकणाऱ्यांचं भलं झालं असणार.

आमच्याकडे त्याचीच धाकटी आवृत्ती आली. एका वर्षी प्रत्येक वर्गात स्पीकर आला. बडबडगीतं, अक्षरगीतं, सगळं तयार. बटण दाबलं की खणखणीत आवाज, मागे ढोलकी, मधूनच घुंगरू. मुलं बेहद्द खूश. नाचली, लोळली, एकमेकांवर पडली. मीही खूश, कारण माझ्या आवाजाला पर्याय मिळाला होता. दोन महिन्यांनी लक्षात आलं की स्पीकरबरोबर मुलं गातच नाहीत. गाण्यावर नाचतात. कविता यायची ती माझ्या बेसूर आवाजातली, जिथे मी अडखळायचे तिथे अडखळत.

याचं कोडं मला लाइपझिगमधल्या एका प्रयोगानं सोडवून दिलं. किर्शनर आणि टोमासेलो या दोघांनी २००९ मध्ये अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांसमोर ढोल ठेवला. ठेका कधी समोर बसलेला माणूस देई, कधी ढोल वाजवणारं यंत्र, कधी नुसता स्पीकर. मुलांचा ठेका सगळ्यांत चांगला जुळला तो माणसाबरोबर. अडीच वर्षांचं पोरही माणूस समोर असला की ताल सांभाळायची धडपड करतं. स्पीकर कुणासाठी थांबत नाही, हे मुलांना बरोबर कळतं. चाळीस वर्षांपूर्वी मला ‘नुसते ओठ हलव’ सांगणाऱ्या बाईंना हा प्रयोग दाखवावा असं मनात आलं. इतक्या वर्षांनी इतका राग शिल्लक असेल असं वाटलं नव्हतं.

आवाजाबद्दल एकच कामाची गोष्ट, ती मला पेटी वाजवणाऱ्या एका सहकाऱ्यांनी सांगितली. मी माझ्या सोयीच्या पट्टीत गाते, ती मुलांना फार खाली पडते. म्हणून ती गात नाहीत, घरघरतात. आपण समजतो मुलं बेसूर आहेत. पट्टी चढवली, मला जरा ताण पडला, आणि वर्ग एकदम मोकळा गायला लागला. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मित्राला मूल हाक मारतं ना, दोन सुरांत, वरून खाली? साधारण ‘प ग’. चाल सुचत नसेल तर त्या दोन सुरांवर काहीही म्हणवून घेता येतं, हजेरीसुद्धा.

आता माझ्या एका फसलेल्या गाण्याची गोष्ट. ‘वाऱ्यावरती पान डोले, पानावरती थेंब हले.’ शब्द माझेच, चालही माझीच, आणि चाल जमली होती म्हणून मी भलतीच खूश होते. मुलांनी आठवडाभर म्हटलं. मग म्हटलं, आता चित्र काढा. कुणी पान काढलं, कुणी थेंब. एका मुलीनं झाड काढलं आणि झाडाच्या शेंड्यावर एक मुलगा, चड्डी-सदऱ्यातला, हसणारा.

‘‘हा कोण गं?’’

‘‘वाऱ्या.’’

‘‘कोण वाऱ्या?’’

‘‘गाण्यातला. वाऱ्या, वरती.’’

मी चाल गुणगुणून पाहिली. ‘वाऱ्या’पाशी मीच श्वास घेत होते. ‘वाऱ्या... वरती.’ एका श्वासानं मी एक शब्द तोडला होता आणि तिनं त्या तुकड्याला नाव, कपडे आणि झाड दिलं होतं. विचारल्यावर आणखी सहा-सात हात वर आले. वाऱ्या त्यांच्याही ओळखीचा होता. एकानं तर त्याला बहीणही दिली होती, ‘पाना’. पाना वरती. इंग्रजी वर्णमालेच्या गाण्याचंही असंच होतं. १८३५ पासून छापात असलेल्या त्या गाण्यात एल, एम, एन, ओ, पी ही पाच अक्षरं घाईनं एका दमात येतात, आणि ‘एलेमेनोपी’ नावाचं एकच लांबलचक अक्षर आहे असं कित्येक मुलांना वाटतं. कानानं घेतलेलं गाणं छापलेल्या ओळीशी भेटवलं नाही तर कान आपला संसार थाटतो. मोठा सुंदर संसार असतो तो, यात शंका नाही. वाऱ्याचं चित्र मी जपून ठेवलंय. पण दुसऱ्या दिवशी ती ओळ मोठ्या अक्षरांत कागदाच्या पट्टीवर लिहिली, शब्द कात्रीनं कापले आणि वर्गाकडून जुळवून घेतले. ‘वाऱ्यावरती’ एकाच तुकड्यात आहे हे कळल्यावर ती मुलगी बराच वेळ गप्प होती. कुणीतरी गेल्यासारखी.

पाढ्यांबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांचाच अनुभव आहे. सुरात म्हटलेला पाढा जन्मभर सोबत करतो, पण दार एकाच बाजूनं उघडतं. ‘सात अठ्ठे किती?’ विचारलं की पोरगं मनातल्या मनात ‘सात एके सात’पासून धावत येतं, धापा टाकत ‘छप्पन्न’ म्हणतं. सूर क्रम पक्का करतो, मधून उतरू देत नाही. मी आता पाढा कुठूनही सुरू करते, उलटा म्हणवते, मधला घास गाळते. मुलांना राग येतो. येऊ दे.

आणि वाचन चालू असताना मागे शब्द असलेलं गाणं लावायचं नाही. मन रमतं वगैरे ठीक आहे, पण मनातले शब्द आणि कानातले शब्द एकाच दारातून आत शिरायला बघतात.

याच्या उलट एक खटाटोप मला अजूनही फार आवडतो. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांनी १९९६ च्या सुमारास कल्पना काढली की टीव्हीवरच्या चित्रपटगीतांखाली त्याच भाषेत शब्द दाखवायचे, गाण्याबरोबर अक्षरांचा रंग बदलत. १९९९ मध्ये दूरदर्शनच्या गुजराती गीतांच्या कार्यक्रमात ते झालं, पुढे हिंदीत. यातली युक्ती अशी की गाणं आधीच पाठ असतं. पुढचा शब्द कोणता हे कानाला माहीत असतं, म्हणून डोळ्याला त्याचा चेहरा शांतपणे बघता येतो. खिडकीजवळच्या माझ्या मुलाकडे कान होता, चेहरे नव्हते. त्याचं पाठांतर हा मी इतके दिवस त्याचा दोष मानत होते. ते तर भांडवल निघालं.

मग मी गाणं मध्येच तोडायला लागले. तक्ता भिंतीवरून काढून जमिनीवर आणला, मुलं गोलात बसली. हातातली पट्टी अक्षरांवरून फिरवत गायचं आणि एका शब्दापाशी गपकन थांबायचं. सगळ्यांनी थांबायचं. जिच्यावर किंवा ज्याच्यावर पट्टी रोखलेली, त्यानं एकट्यानं तो शब्द म्हणायचा आणि गाणं पुढे सुटायचं. एकच शब्द, त्याहून जास्त नाही. शब्द माहीतच असतो, त्यामुळे नामुष्की नाही. पण एकट्यानं, अक्षराकडे बघत म्हणावा लागतो, त्यामुळे ओठ हलवून सुटकाही नाही. समूहाचा आवाज म्हणजे पांघरूण. वर्गात एक मुलगी बोलताना अडखळते, गाताना तिची जीभ मोकळी सुटते, आणि तिला ते पांघरूण काढायला सांगायचा मला काही अधिकार नाही. तिच्यावर मी पट्टी फार क्वचित रोखायचे. खिडकीजवळच्या मुलाचं पांघरूण मात्र रोज बोटभर सरकवत गेले.

सुरुवातीला तो पट्टीकडे बघायचाच नाही, माझ्या तोंडाकडे बघायचा. जुनी विद्या. मी तोंड मिटून घेतलं की शेजारच्याकडे. मग केव्हातरी तक्त्याकडे. नक्की कधी ते मला सांगता येणार नाही. अशा गोष्टींची तारीख नसते, आणि माझं लक्ष त्या आठवड्यात नेमकं दाखल्यांच्या फायलींत होतं.

फेब्रुवारीत माझा घसा बसला. कुजबुजही निघेना. परिपाठ झाला, वर्गात आलो, मुलांनी ‘खुरपं’ सुरू केलं आणि मी सवयीनं पट्टी घेऊन तोंड हलवत उभी राहिले.

‘‘बाई,’’ तो बाकावरून म्हणाला, ‘‘तुम्ही नुसते ओठ हलवताय.’’

वर्ग खो-खो हसला. मी मान डोलावली, काय करणार, आणि पट्टी त्याच्यापुढे धरली. तो उठला, तक्त्याशी उकिडवा बसला. गाणं सगळ्यांना तोंडपाठ, त्यात बाईंना आवाज नाही, म्हणजे आवरणारं कुणी नाही. वर्ग सुसाट निघाला आणि बघता बघता ‘झोपी गेलं’ला पोचलाही. त्याची पट्टी अजून पहिल्या ओळीतच होती. एक ठोका ‘खु’वर. एक ठोका पुढे.

‘‘अरे थांबा ना,’’ तो वैतागून वर्गावर ओरडला, ‘‘मी अजून र-वर आहे.’’